स्वयंपाकघरातील बंद पंखा

एप्रिल आणि मे महिन्यांत सोलापूरच्या घरांतील सर्वांत तापलेली वेळ भर दुपारची नसते, साडेचारनंतरची असते. बाहेर ऊन कलू लागते, रस्त्यावरच्या सावल्या लांबतात. परंतु दिवसभर भाजून निघालेल्या भिंती आणि स्लॅब साठवलेली उष्णता आत सोडू लागतात त्या याच सुमारास. ज्या कुटुंबांत सूर्यास्तानंतर अन्न घेतले जात नाही, त्यांच्या घरी गॅस नेमका याच वेळी पेटतो. मेच्या मध्यास येथे सूर्य सातच्या थोडा आधी मावळतो. त्यापूर्वी पेढीवरून आलेले पुरुष, शिकवणीला निघालेली मुले आणि घरातील वृद्ध या सर्वांची जेवणे उरकली पाहिजेत. म्हणजे पाचच्या आधी कणीक भिजलेली आणि साडेपाचला तवा तापलेला हवा. शेजारच्या घरातील गृहिणी हाच स्वयंपाक आठ वाजता, वारा सुटल्यावर करू शकते. श्रावकाच्या घरातील गृहिणीला ती सवलत नाही.

असे असूनही नेमक्या या तासाभरात कितीतरी स्वयंपाकघरांच्या खिडकीतील एक्झॉस्ट पंखा बंद दिसतो. कारण विचारले तर पहिले उत्तर ‘लाइट बिल’ असे येते. व्यापारी घरात हे उत्तर शोभूनही दिसते. पण थोडे खोदून विचारले की खरे कारण बाहेर पडते: त्याचा आवाज सहन होत नाही.

जुन्या सोलापुरात हा प्रश्न नव्हता. माळवदाची घरे, दोन-दोन हात जाडीच्या भिंती, मध्ये मोकळा चौक आणि स्वयंपाकघराच्या छताला धूर जाण्यापुरता झरोका अशी रचना असे. तापलेली हवा हलकी होऊन आपोआप वर जाई आणि तिच्या जागी चौकातील हवा आत येई. वीज नाही, मोटार नाही, आवाजही नाही. त्या घरांतील चुलीचा धूर आठवून त्यांचे गोडवे गाणाऱ्यांनी त्यापुढे चाळीस वर्षे बसलेल्या बायकांचे डोळेही आठवावेत; तरीही हवेला वाट देण्याचे शहाणपण त्या बांधणीत होते, हे मान्य करावे लागते. जुळे सोलापूर, होटगी रस्ता या भागांत उभ्या राहिलेल्या सदनिकांत चौक गेला, झरोका गेला. दहा फूट बाय दहा फुटांची खोली, एक खिडकी, आणि त्या खिडकीच्या वरच्या काचेच्या जागी पत्र्यात बसवलेला पंखा एवढेच उरले.

चाटी गल्लीत कापडाची पेढी असलेले असेच एक कुटुंब काही वर्षांपूर्वी पेठेतील जुन्या घरातून जुळे सोलापुरात राहावयास गेले. घरात ऐंशी पार केलेल्या आजी, दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडे. नव्या घरी गेल्यावर वर्षभरात थोरल्या सूनबाईंना संध्याकाळी ठसका लागू लागला. मिरचीची फोडणी पडली की त्या पदर तोंडाशी धरून गच्चीच्या दारात जाऊन उभ्या राहत. थोरल्या मुलाने व्यापाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे जालीम उपाय केला. बिल्डरने बसवलेला सहा इंची प्लास्टिकचा पंखा काढून त्याने बारा इंची, लोखंडी पात्यांचा, मिनिटाला १४०० फेरे घेणारा पंखा आणून बसवला. कारखान्याच्या शेडमध्ये शोभेल असा तो पंखा होता. धूर खरोखरच क्षणात नाहीसा झाला. घरात दोन दिवस कौतुक झाले. आठवडा संपण्यापूर्वी तो बंद झाला आणि नंतर केवळ मिरची परतण्यापुरता मिनिटभर चालू लागला.

त्याचे कारण आजी होत्या. दुपारच्या विश्रांतीनंतर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ पाट घेऊन बसणे आणि ताटात घेतलेली डाळ निवडणे हा त्यांचा नित्यक्रम. डाळ निवडताना माहेरच्या, पेढीच्या, कोणाच्या लग्नातील रुसव्याफुगव्यांच्या गोष्टी चालत. दिवसभरात त्यांच्याशी सलग बोलणे होई ते याच वेळी. म्हाताऱ्या कानांची अडचण अशी असते की शांत खोलीत त्यांना पुष्कळसे ऐकू येते, परंतु पाठीमागे घरघर सुरू असेल तर शब्दातील बारीक व्यंजने प्रथम हरवतात आणि आवाज ऐकू येऊनही अर्थ लागत नाही. नवा पंखा सुरू झाला की आजी दोनदा ‘काय म्हणालीस गं?’ म्हणत, तिसऱ्यांदा नुसत्या हसत, आणि मग ताट उचलून आपल्या खोलीत जात. चार दिवस हे पाहिल्यावर सूनबाईंनी काही न बोलता बटण बंद केले. दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा पाटावर होत्या आणि सूनबाई पुन्हा पदर तोंडाशी धरून गच्चीच्या दारात.

बंद पंख्याकडे पाहून ‘घरच्या बायकांना आरोग्याची जाण नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. येथे जाण होती, आणि तिच्यावर मात करणारी माया होती.

शिवाय स्वयंपाक हे कानाचेही काम आहे. मोहरी तडतडली, तेल शांत झाले, भाकरीखालचा तवा अधिक तापला, दूध वर येऊ लागले, या गोष्टी चांगल्या गृहिणीला पाठमोरी असतानाही कळतात. सामान्य संभाषणाचा आवाज सुमारे ६० डेसिबल असतो. त्याच्या बरोबरीने घरघरणारा पंखा डोक्यावर असेल तर प्रत्येक वाक्य दोनदा बोलावे लागते आणि पदार्थ डोळ्यांनीच सांभाळावे लागतात. तासाभराच्या अशा कामानंतर येणारा शीण पुष्कळदा उन्हाच्या खात्यावर मांडला जातो.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. हा गॅस जळताना प्रत्येक किलोमागे सुमारे दीड किलोहून थोडी अधिक पाण्याची वाफ तयार होते. म्हणजे एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने स्वयंपाकघरात सोडले जाते, आणि तेही भाजी-वरणातून निघणारी वाफ न धरता. उष्णतेच्या रूपाने पाहिले तर एका सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट विजेइतकी शक्ती असते. सिलिंडर महिनाभर पुरत असेल तर रोज सहा युनिट उष्णता घरात ओतली जाते. एक किलोवॅटचा हीटर मे महिन्यात रोज सहा तास लावून ठेवावा, तसेच हे आहे. याखेरीज ज्वालेतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि फोडणीच्या तेलातून उठणारे सूक्ष्म कण वेगळेच. ठसका लागतो तो मुख्यतः या कणांमुळे. हे सारे बाहेर काढण्यासाठी ५० वॅटचा पंखा रोज तीन तास चालवला तर दिवसाला ०.१५ युनिट आणि महिन्याला साडेचार युनिट वीज लागते. युनिटला १० रुपये धरले तरी पंचेचाळीस रुपये. लाइट बिलाची सबब येथेच निकालात निघते.

मग आवाजाचे काय? पंख्याच्या शास्त्रात एक नियम आहे आणि तो व्यापाऱ्याला लगेच पटावा असा आहे. पाती तीच ठेवून वेग बदलला तर हवा वेगाच्या प्रमाणात बदलते, परंतु लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, शक्ती मात्र आठव्या हिश्श्यावर येते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. बारा इंची पंखे बाजारात १४०० फेऱ्यांचे मिळतात तसेच ९०० फेऱ्यांचेही मिळतात. १४०० वरून ९०० वर आले तर हवा सुमारे दोन-तृतीयांश उरते, पात्यांना लागणारी शक्ती जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येते आणि आवाज साधारण दहा डेसिबलने कमी होतो. दहा डेसिबल कमी म्हणजे माणसाच्या कानाला तो आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. एक-तृतीयांश हवा सोडून निम्मा आवाज आणि बहुतेक वीज परत मिळते. असा सौदा चाटी गल्लीत रोज होत नाही.

उरलेली हवा पुरते का, असा प्रश्न येतो. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीत एक हजार घनफूट, म्हणजे सुमारे २८ घनमीटर हवा असते. स्वयंपाकघरातील हवा तासाला पंधरा वेळा पालटावी असा एक ठोकताळा धरला तर तासाला सुमारे ४२५ घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे. बारा इंची पंखा ९०० फेऱ्यांवरही याच्या दुपटीहून अधिक काम करतो. थोरल्या मुलाने पंखा मोठा घेतला यात त्याची चूक नव्हती. मोठा आणि संथ पंखा हा लहान आणि वेगवान पंख्यापेक्षा तेवढीच हवा कमी आवाजात देतो. मोठा आणि वेगवान पंखा मात्र घराला लागत नाही.

आवाज मोजण्याचे एक माप अमेरिकेत घरगुती पंख्यांच्या खोक्यांवर छापलेले असते. त्याचे नाव ‘सोन’. सोन्याचा व्यवहार करणाऱ्या घरांत या नावाची गंमत वाटेल. पण हे सोन जितके कमी तितके चांगले. स्टॅन्ली स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने १९३६ साली हे माप सुचवले. डेसिबलचा आकडा सामान्य माणसाला फसवतो, कारण ६० हा ३० च्या दुप्पट नसून कानाला आठपट वाटतो. सोनचे तसे नाही. दोन सोन म्हणजे एक सोनच्या दुप्पट मोठा वाटणारा आवाज. त्या देशातील ॲश्रे या अभियंत्यांच्या संस्थेच्या घरगुती वायुवीजनाच्या मानकात, अखंड चालणाऱ्या पंख्याचा आवाज एका सोनच्या आत आणि गरजेपुरत्या चालवायच्या पंख्याचा तीन सोनच्या आत असावा असे म्हटले आहे. त्यामागचा अनुभव जुळे सोलापुरातील त्या सूनबाईंचाच आहे: मोठ्याने ओरडणारा पंखा माणसे बंद करतात, आणि बंद पंखा कागदावर कितीही कार्यक्षम असला तरी हवा हलवत नाही. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती गल्लीतल्या लाउडस्पीकरला लागू पडते. घरातील माणसाने स्वतःच्या डोक्यावर टांगून घेतलेल्या आवाजाला कोणी विचारत नाही.

दुकानात पंखा सुरू करून पाहण्याचा काही उपयोग होत नाही, हेही सांगितले पाहिजे. नवी पेठेत रस्त्यावरच्या रिक्षांच्या गोंगाटात प्रत्येक पंखा मुका वाटतो. फेऱ्यांचा आकडा वाचून घ्यावा, वॅट आणि हवेचा आकडा शेजारी शेजारी मांडावा, आणि न आवडल्यास दोन दिवसांत परत करण्याचे आधी ठरवून घ्यावे. ओळखीच्या दुकानदाराकडून कापडाचा तागा जसा पसंतीवर आणतात, तसाच पंखा आणण्यात संकोच कसला?

त्या कुटुंबाने बोलावलेला वायरमन वयस्क आणि अनुभवी होता. त्याने प्रथम पंखा न बदलता नुसता हाताने दाबून धरला, तर निम्मी घरघर थांबली. पंखा पातळ पत्र्यावर चार बोल्टांनी आवळलेला होता आणि सारा पत्राच ढोलकीप्रमाणे वाजत होता. त्याने पत्र्याच्या जागी जाड लाकडी चौकट बसवली, बोल्टांखाली रबराचे वॉशर घातले, पात्यांवरील तेलकट थर सोड्याच्या गरम पाण्याने धुवून काढला. तेलाचा थर सर्व पात्यांवर सारखा बसत नाही. त्यामुळे पंखा डगमगतो, आवाज वाढतो आणि हवा घटते. मग त्याने स्वयंपाकघराचे दार लोटून दाखवले. पंख्याचा सूर ताबडतोब चढला. बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी आत यायला वाटच नसेल तर पंखा नुसता कण्हत फिरतो. हवा आत येण्याची वाट पंख्याच्या समोरच्या बाजूला हवी. पंख्याशेजारचीच खिडकी उघडी असेल तर बाहेरची हवा तेथून आत येऊन तशीच परत जाते आणि शेगडीवरचा धूर जागच्या जागी राहतो. सगळे करून झाल्यावरच तो म्हणाला, ‘आता नऊशेचा आणा.’ नऊशेचा आला. जुना पंखा गोदामात गेला, जेथे त्याची जागा होती.

सोलापूरच्या हवेसाठी एक पथ्य मात्र पाळावे लागते. भर दुपारी बाहेर ४२-४३ अंश तापमान असताना विनाकारण एक्झॉस्ट लावून ठेवला तर तितकीच तापलेली हवा घरात ओढली जाते. स्वयंपाकाच्या वेळी आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे, इतकेच पुरे. याउलट रात्री हवा निवू लागली की समोरच्या खिडक्या उघडून तोच पंखा तासभर चालवला तर घरात साठलेला उकाडा बाहेर निघतो. कोरड्या हवेच्या या गावात उन्हाळ्यातही पहाटेपर्यंत पारा पुष्कळ खाली येतो. मुंबईत या युक्तीचा फारसा उपयोग होत नाही.

आवाजाची दुसरी तक्रार आजींच्याच खोलीतून आली, आणि ती छताच्या पंख्याविषयी होती. रात्री दोनवर ठेवलेला पंखा ‘घूं’ असा एकसुरी आवाज करी. मुलांना तो ऐकूही येत नसे. पहाटे तीनला जाग आलेल्या वृद्ध माणसाला दुसरे काहीच ऐकू येत नसे. हा आवाज पात्यांचा नव्हता. जुन्या काळी पंख्याचा रेग्युलेटर भिंतीवरच्या मोठ्या काळ्या पेटीत असे. त्यातील तारेची वेटोळी तापून जादा वीज उष्णतेत घालवीत, त्यामुळे पंखा हळू फिरला तरी बिल फारसे उतरत नसे. नंतर आलेला लहान बटणाचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वीज वाचवतो, पण ती तुकड्या-तुकड्यांनी सोडतो, आणि त्या तुटक प्रवाहाने मोटार गुणगुणते. पायरीपायरीने वेग बदलणारा, कपॅसिटर असलेला रेग्युलेटर काही शे रुपयांत मिळतो आणि तो बसवला की हे गुणगुणणे बहुधा थांबते. नवा पंखा घेण्यापूर्वी हा उपाय करून पाहावा. आजींच्या खोलीत तो केला आणि पुरला.

पेढीवर मात पंखेच बदलावे लागले. तेथे ते दिवसाचे दहा-अकरा तास फिरतात. जुना छताचा पंखा पूर्ण वेगावर ७० ते ८० वॅट घेतो. कायम चुंबकाची, ब्रशविरहित मोटार असलेला बीएलडीसी पंखा तेवढीच हवा सुमारे ३० वॅटमध्ये देतो आणि कमी वेगावर गुणगुणत नाही. असे पंखे घरोघर पोहोचवण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने पंख्यांच्या कार्यक्षमतेचा प्रश्न अनेक वर्षे लावून धरला, आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या मनोज मीना आणि सिबब्रत दास यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ॲटमबर्ग कंपनीने बीएलडीसी पंखा सामान्य बाजारात रुळवला. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या प्रत्येक पंख्यावर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे छापणे सक्तीचे झाले. हे तारे एका साध्या भागाकारावर ठरतात: मिनिटाला किती घनमीटर हवा, भागिले किती वॅट. २०२३ च्या कोष्टकाप्रमाणे १२०० मिलिमीटरच्या पंख्याचे उत्तर सहा किंवा अधिक आले तर पाच तारे. आवाजाचा तारा त्यात नाही. पाच तारे पाहून पंखा शांत असेल असे कोणी गृहीत धरू नये. पूर्ण वेगावर पात्यांचा वारा वाजतो तो दोन्ही जातींच्या पंख्यांत सारखाच.

हिशेब असा. सहा पंखे रोज दहा तास, प्रत्येकी ४५ वॅटची बचत: दिवसाला २.७ युनिट, महिन्याला ८१. युनिटला १० रुपये धरले तर ८१० रुपये. एका पंख्याला ३,००० रुपये धरले तर १८,००० ची गुंतवणूक वर्षातील आठ पंख्याच्या महिन्यांत सुमारे साडेसहा हजार परत देते. तीन वर्षांच्या आत मुद्दल सुटते. घरगुती बिलात तर वाचणारे युनिट नेहमी वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून वजा होतात. मात्र हा हिशेब तासांवर उभा आहे. वर्षातून पंधरा दिवस उघडणाऱ्या पाहुण्यांच्या खोलीत नवा पंखा बसवला तर त्याचे पैसे नातवाच्या लग्नापर्यंतही फिटणार नाहीत. तेथे जुनाच राहू द्यावा. आणखी एक वजा बाजू: जुना पंखा जळाला तर कोणत्याही गल्लीत त्याची वाइंडिंग करून मिळते, नव्या पंख्यातील इलेक्ट्रॉनिक पट्टी गेली तर कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. म्हणून हमीपत्रात ती पट्टी धरली आहे की नाही हे वाचूनच पैसे द्यावेत. रिमोट दाबल्यावर रात्री दोन वाजता ‘पीक’ असा आवाज करणाऱ्या पंख्यांची कल्पना ज्यांना सुचली, त्यांच्या घरी बहुधा तान्हे मूल नसावे.

जैन घरात पंख्याचा विचार येथेच थांबत नाही. वायुकायिक जीवांची विराधना टाळण्यासाठी मुनिमहाराज पंखा वापरत नाहीत, हे मुलांनाही ठाऊक असते. गृहस्थाकडून ती अपेक्षा नाही. परंतु श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती आहे, आणि समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात प्रमादचर्येचे वर्णन करताना पृथ्वी, पाणी आणि अग्नी यांच्याबरोबर वाऱ्याचाही निष्फळ आरंभ सांगितला आहे. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा यात सरळ बसतो, मग त्यावर पाच तारे असोत वा एकही नसो. कमी वीज खातो म्हणून दिवसभर लावून ठेवलेला पंखा ही नव्या काळातील प्रमादचर्याच म्हणावी लागेल. तिखट धुरात उभ्या असलेल्या सुनेच्या डोक्यावरचा बंद पंखा मात्र संयमाच्या नावाखाली जमा करता येणार नाही. तेथे प्रयोजन आहे आणि तेही दुसऱ्याच्या श्वासाचे आहे.

जुळे सोलापुरातील त्या घरात सूनबाईंचा खोकला पूर्णपणे गेला असे नाही. धुळीच्या दिवसांत तो येतो. संध्याकाळचा ठसका मात्र थांबला. आजींना पंखा सुरू असताना सगळेच ऐकू येते असेही नाही, पण त्या पाटावरून उठत नाहीत. फोडणीच्या वेळी दोन मिनिटे गप्प राहायचे आणि मग गोष्ट पुढे न्यायची, असा दोघींचा न ठरवता ठरलेला करार आहे.

नवा पंखा बसण्यास महिनाभर उशीर झाला होता, तो निराळ्याच कारणाने. जुना पंखा काढून चौकटीचे माप घेतले आणि सुतार चार दिवस आला नाही. तेवढ्यात त्या गोल भोकाच्या कडेला चिमण्यांनी गवत आणून टाकले. सुतार आला तेव्हा आत अंडी होती. धाकट्या मुलाने घरटे अलगद उचलून गच्चीत ठेवण्याचे सुचवले; आजींनी त्याच्याकडे नुसते पाहिले. चिमणीची अंडी फुटून पिले उडेपर्यंत जवळजवळ चार आठवडे जातात. तो सारा काळ दार आणि समोरची खिडकी उघडी ठेवून स्वयंपाक झाला, मिरचीची फोडणी बंद राहिली आणि आमटीत मिरे पडले. पिले उडाल्यावर पंखा बसला आणि त्याच्या बाहेर अर्ध्या इंचाची जाळी लागली. डासांची बारीक जाळी वायरमनने लावू दिली नाही. ती तेलाने आठ दिवसांत बुजते आणि हवा कोंडून पंखा पुन्हा ओरडू लागतो. अष्टमी-चतुर्दशीला स्वयंपाक थोडका असतो, तेव्हा त्या दिवशी बटण बंद करून जाळी पुसायची असे ठरले. चिमण्यांसाठी नातवाने खिडकीबाहेर लाकडी खोके टांगले आहे. पहिल्या वर्षी त्यात कोणी आले नाही.